काल्याआधीच फुटलेली हंडी

मनोजला पाचवीत इंग्रजी मी शिकवलं, हे तो चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगतो. मी तेव्हा दुसरीकडे बघते.

नाशिकला त्याचा कार्यक्रम भरवून द्यायचा धंदा आहे. लग्नातलं संगीत, बारशाचे फुगे, दुकानाचं उद्घाटन, सगळं करतो. पोरगा मनाने चांगला. यंदा सायखेड्याच्या सप्ताहाचा मांडव, माइक, पडदे सगळं त्याने गावासाठी म्हणून अंगावर घेतलं, एक रुपया न घेता. त्यामुळे त्याला कोणी काही बोलेना. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बाई. आख्ख्या गावाची बाई. लंकाबाई म्हटलं की नदीपलीकडचेसुद्धा घर दाखवतात.

सप्ताहाला चार दिवस असताना देवळाच्या ओट्यावर कमिटी बसली होती. मनोज मोबाईल पुढे धरून सांगत होता.

"काल्याच्या दिवशी साहेब येतायत. साहेबांच्या हस्ते हंडी. तो आपला हायलाइट. मग पल्लवीताईंचं कीर्तन, तो क्लायमॅक्स."

मला वाटलं, ऐकण्यात माझी चूक झाली. "मनोज, हंडी कीर्तनात असते. कीर्तन चालत चालत हंडीपाशी जातं, मग हंडी फुटते, मग काला वाटतात. हंडी आधी आणि कीर्तन मागून, असं कुठे पाहिलंस तू?"

"थोडीच आधी, बाई. साहेबांना ओझरला लग्न आहे. आणि हायलाइट काय नि क्लायमॅक्स काय, दोन्ही टॉपचेच पॉइंट ना. पुढेमागे झाले तर काय बिघडतं?"

आता हे मीच शिकवलेलं इंग्रजी. मी पदर खोचला.

"असं बघ. रात्री जेवताना तू मॅचच्या हायलाइट्स बघतोस. सिक्स, सिक्स, विकेट, सिक्स. ते बघताना कधी डोळ्यांत पाणी आलं तुझ्या?"

"डोळ्यांत पाणी कशाला येईल?"

"आणि दिवसभर मॅच बघून शेवटच्या ओव्हरला?"

"ते वेगळं, बाई."

"तेच वेगळं मी सांगतेय. हायलाइट कुठूनही उचलावा आणि कोणालाही दाखवावा. आधी काय झालं ते माहीत नसलं तरी चालतं. क्लायमॅक्सला आधीचं सगळं लागतं. तो शब्दच मुळात शिडीवरून आला आहे. ग्रीक भाषेत शिडी."

"शिडी आहे, बाई. डेकोरेशनवाल्याची, अठरा फुटी. हंडीपर्यंत आरामात जाते."

कमिटीतले सगळे माना डोलवू लागले. शिडीचा प्रश्न सुटला म्हणून त्यांना बरं वाटलं.

"मनोज, मी खालच्या पायऱ्यांबद्दल बोलतेय."

"कळलं मला, बाई. शेवटची ओव्हर हायलाइटमध्ये घ्यायची. घेतो ना. ड्रोन लावतो."

आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांच्याकडे पाहिलं तर ते शांतपणे सुपारी कातरत होते. ह्यांना कुठल्याही गोष्टीवर मत द्यायला निदान दोन दिवस लागतात, आणि तोवर गोष्ट होऊन गेलेली असते.

मला एवढं लागण्याचं कारण पल्लवी.

पल्लवी घोटीकडची. तिच्या महाराजांचं काल्याचं कीर्तन आमच्या गावात वर्षानुवर्षं. यंदा त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी निरोप पाठवला, मी पल्लवीला पाठवतो. इतर दिवशीचं कीर्तन असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं, आता पोरी कीर्तन करतात आणि गोड करतात. पण काला म्हणजे सप्ताहाचा शेवट. तो जाणत्याच्याच हातून व्हावा, अशी आमच्याकडची रीत. टाळकऱ्यांचे पुढारी सावळीरामनाना तर तिथल्या तिथे म्हणाले, "सहा दिवस तापवलेलं दूध हाय. सातव्या दिवशी नासलं तर कोणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मी म्हटलं, "माझ्या."

कारण मी तिला घोटीला ऐकलं होतं. बाजाराचा दिवस, बाहेर तांदळाच्या गाड्यांचे हॉर्न, आणि आत ही पोर कमरेला उपरणं बांधून उभी. आवाज फार मोठा नाही. पण देवाचं नाव घेताना असं घ्यायची, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या घरच्याच माणसाला हाक मारतेय. माझ्या शेजारची बाई भाजीची पिशवी विसरून घरी गेली. मला तेवढी परीक्षा पुरे.

तर मी शब्द दिला, आणि शब्द देताना ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, सायखेड्याचा काला फसला तर ती बातमी निफाडपासून सिन्नरपर्यंत दुसऱ्या दिवशी पोचते. मग त्या मुलीला काला कोणी देणार नाही. "पोर बरी हाय, पण काला नको," एवढंच म्हणतील, आणि हे एवढंच पुरतं.

काल्याच्या दिवशी सकाळी मांडव गच्च भरला. पडदे मोरपंखी. हंडी मधोमध टांगलेली, दोरीला थर्माकोलची फुलं लावलेली, आणि तिच्यात दहीलाह्या नाशिकच्या कुठल्याशा डेअरीतून आलेल्या. आमच्या ह्यांच्या गळ्यात वीणा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, रात्रंदिवस पाळीपाळीने कोणी ना कोणी ती घेऊन उभा असतो. काला होऊन कीर्तनकाराने आरती केली, की मगच ती उतरते. शेवटची पाळी ह्यांची होती. उभं राहायचं काम ह्यांना चांगलं जमतं.

पल्लवी उभी राहिली. पहिला अर्धा तास माझा जीव वर-खाली. तिने अभंग धरला, पण टाळ मागे मागे येत होते. सावळीरामनाना मान खाली घालून वाजवत होते, जसं काही कोणी त्यांच्याकडून सक्तीने वाजवून घेतंय. पल्लवीने एकदा वळून पाहिलं, काही म्हणाली नाही, स्वतःची लय थोडी कमी केली आणि त्यांना बरोबर घेतलं. नव्या सुनेने रुसलेल्या सासऱ्याला जेवायला बोलवावं, तसं. पुढच्या गजराला नानांची मान वर आली. मी पदराने चष्मा पुसला.

मग ती काल्याच्या गोष्टीत शिरली. गोकुळातली पोरं गाई घेऊन रानात निघालीत. प्रत्येकाच्या आईने शिदोरी दिलीय. कोणाची पुरी, कोणाचा दहीभात, कोणाचं लोणी. आणि एका घरचं काहीच नाही. त्या आईने रात्रीची नागलीची भाकरी आणि तिच्यावर चिमूटभर मीठ असं फडक्यात बांधून दिलंय. पोरगं वाटभर ते फडकं कधी या हातात घेतं, कधी त्या हातात, कोणाला दिसू नये म्हणून. नागली म्हटल्यावर कडेला बसलेल्या पेठकडच्या मजूर बायका हसल्या, पदर तोंडाला लावून. त्या द्राक्षाच्या तोडणीला आलेल्या. पल्लवीने त्यांच्याकडे पाहून सांगितलं, "ती भाकरी थंडीत कशी होते, तुम्हाला मी काय सांगू."

दुपार होत आली. देवाने सगळ्यांना हाक मारली, चला रे, शिदोऱ्या सोडा. पोरं गोल बसली. आणि ते पोरगं उठून झाडाच्या आड गेलं.

लहान मूलसुद्धा रडेना. मला कळत होतं, ती एकेक पायरी चढत चाललीय, आणि सगळं गाव तिच्या मागून चढतंय, नानांसकट.

तेवढ्यात दुसऱ्या माइकवरून मनोज बोलला.

"आपल्या सर्वांचे लाडके, आदरणीय साहेब यांचं मांडवात आगमन होत आहे. जोरदार टाळ्या."

गाड्या थेट मांडवाच्या दाराशी. लोक उठले, मागचे पुढे, पुढचे वाटेत. पल्लवी हात जोडून बाजूला झाली, दुसरं काय करणार. साहेबांना शाल, साहेबांना फेटा, साहेबांचे दोन शब्द, जे संपेचनात. मी माणसांतून वाट काढत मनोजपाशी गेले.

"अरे, पोरगं झाडाआड गेलंय."

"कोणाचं पोरगं, बाई? थांबा, माइकवर सांगतो. कपडे कोणते घातलेत?"

मी कपाळाला हात लावला.

साहेबांच्या हातात काठी दिली. ड्रोन घोंगावत वर गेला. काठी लागली, हंडी फुटली, डेअरीच्या दहीलाह्या खाली सांडल्या, पोरांची झुंबड उडाली. टाळ्या. साहेब हात हलवत ओझरच्या लग्नाला. त्यांच्यामागून कॅमेरावाले आणि ड्रोनही, कारण त्या लग्नाचं कामही मनोजकडेच होतं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. माणसांनी लाही तोंडात टाकली आणि कपडे झटकले. काला झाला, म्हणजे सप्ताह उठला. हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही, लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. आचाऱ्याने पातेल्यावरचं झाकण काढलं, आमटीचा वास आला. चपला शोधायला सुरुवात झाली. सावळीरामनानांनी टाळाची दोरी बोटांवरून सोडवायला घेतली.

"झालं," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून नाही, पण मला ऐकू जाईल असं. "काला झाला. पोरीचं ऱ्हायलंच."

मनोज घाम पुसत पल्लवीपाशी गेला. "ताई, हायलाइट एक नंबर झाला. आता तुमचा क्लायमॅक्स घेऊन टाका. दहा मिनिटं आहेत, मग पंगत बसवतो."

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्या चेहऱ्यावर एवढंच होतं, की आता मी कोणासमोर आणि कशासाठी बोलू. मी शब्द दिला होता आणि माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. मी नुसती मनोजवर चिडू शकत होते, आणि ते मी भरपूर केलं होतं.

कमिटीतल्या कोणीतरी आमच्या ह्यांना म्हटलं, "अण्णा, ठेवा आता वीणा. खांदा दुखला असंल."

हे म्हणाले, "ताईंची आरती झाली?"

"नाही."

"मग."

बस्स, एवढंच. जागचे हलले नाहीत. एरवी ह्यांच्या या संथपणावर मी आयुष्यभर चरफडले. वीणा गळ्यात घेऊन हे मांडवाच्या मधोमध उभे, आणि वीणा उभी असताना पाठ फिरवून जायचं म्हणजे जरा अवघडच. जे चपला घालत होते ते घुटमळले. दोघातिघांनी चपला पुन्हा काढल्या.

पल्लवीने माइक खाली ठेवला. हलक्या आवाजात म्हणाली, "ते पोरगं अजून झाडाआडच बसलंय."

नानांच्या बोटावर दोरी अर्धवट राहिली.

"सगळ्यांचं जेवण झालं असं सगळ्यांना वाटतंय," ती म्हणाली. "पोरं हात धुवायला निघाली. पण देव जेवलेला नाही. देवापुढे पुरी आहे, लोणी आहे, दहीभात आहे. देव म्हणतोय, एक शिदोरी कमी आहे. पोरं म्हणाली, त्याचं काय, त्याचं पोट भरलंय, त्यानेच सांगितलं. देव म्हणाला, त्याचं भरलं असेल. माझं नाही भरलं."

माणसं बसायला लागली. पुढे नाही, जिथे होती तिथेच, कोणी खुर्चीच्या कडेवर, कोणी पायरीवर. आचाऱ्याने झाकण परत ठेवलं.

"देव उठला आणि झाडामागे गेला. पोरगं म्हणालं, मी जेवलो रे. देव म्हणाला, दाखव फडकं. पोरगं म्हणालं, फडक्यात काही नाही. देव म्हणाला, काही नाही तेच दे. मला तेच पाहिजे."

इथे ती थांबली. मला वाटतं तिला पुढचं सुचत नव्हतं, कारण पुढे हंडी यायला हवी होती, आणि हंडीची खापरं आमच्या पायाखाली होती.

बायकांच्या बाजूने कुसाबाई उठली. घाटाकडच्या वस्तीतली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पदराखालून तिने स्टीलचा छोटा डबा काढला आणि पल्लवीच्या पायापाशी नेऊन ठेवला.

"ज्वारीच्या लाह्या हायेत, ताई. मीठ जरा जास्त पडलंय."

आमच्याकडे काल्याला प्रत्येक घरून मूठभर काही ना काही येतं. पोहे, लाह्या, डाळ, लोणच्याची फोड. तेच एकत्र कालवायचं, म्हणून तर तो काला. यंदा मनोजने गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, कोणीही घरून काही आणू नये, व्हिडिओत बरं दिसत नाही. कोणी उलट उत्तर दिलं नाही. आणि कोणी ऐकलंही नव्हतं. कुसाबाईमागे धोंडाबाई उठल्या, मग चिमणाबाई, मग पिशव्यांतून, पदराआडून, नातवाच्या दप्तरातून डबे निघायला लागले. प्रत्येकीने इतका वेळ लपवूनच ठेवला होता. माझ्या पिशवीतही दहीपोहे होते. मी कमिटीची माणूस, म्हणून सगळ्यांत खाली दडवलेले. पेठकडच्या बायकांपैकी एकीने कागदात गुंडाळलेली भाकरी आणली, खाली ठेवली आणि पटकन मागे सरली.

पल्लवी त्या डब्यांकडे बघत राहिली. हे तिने मांडलेलं नव्हतं. गोष्ट तिच्या हातातून निघून गावाच्या हातात गेली होती.

"भांडं पाहिजे मोठं," सावळीरामनाना म्हणाले. टाळ गळ्यात तसेच ठेवून ते आचाऱ्याकडे गेले. "परात दे."

"त्यात कणीक मळलीय, नाना."

"मळलेली काढ. परात दे."

परात आली. पल्लवी खाली बसली आणि दोन्ही हातांनी कालवू लागली. लाह्यांत पोहे, पोह्यांत डाळ, वर भाकरीचा कुस्करा. कोणत्या आईचं काय, ते आता वेगळं काढता येत नव्हतं. पहिला घास तिने देवापुढे धरला. "त्या पोरानेच भरवला," ती म्हणाली, "आणि देवाने डोळे मिटले." एवढंच म्हणाली. गजर तिने उचलला नाही, तो नानांनी उचलला, विठ्ठल विठ्ठल, आणि टाळ असे पडले की मोरपंखी पडदे हलले.

पुढचं मला सांगता येत नाही. मी इतकी कीर्तनं ऐकली, पण रडता रडता एकमेकांना घास भरवणारी माणसं मी आजवर पाहिली नव्हती. ज्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे त्यांनीही भरवले. उद्या पुन्हा बंद होईल, ते मला माहीत आहे. पण भरवले.

मनोज माझ्याजवळ आला. गालाला दही लागलेलं.

"बाई, हे आधी सांगायचं ना मला. हे हायलाइटला घेतलं असतं. आता कॅमेरा पण नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. पाचवीच्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा आणि असाच बघायचा, सगळं समजल्यासारखा. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण त्याने तोंड उघडं ठेवलं होतं, तर मी त्यात एक घास घातला. निदान तेवढा वेळ तरी तो बोलणार नव्हता.

आरती झाली. आमच्या ह्यांनी वीणा उतरवली, सावकाश, जशी ते प्रत्येक गोष्ट करतात, आणि मी पहिल्यांदा त्यांना घाई केली नाही. लोक पल्लवीच्या पाया पडायला रांगेत लागले. सावळीरामनाना सगळ्यांत शेवटी. ते वाकले, तशी ती मागे सरकली, "नाना, तुम्ही नको."

"कीर्तनाच्या गादीला पडतोय. तुला नाय," नाना म्हणाले. मग उठून, उपरण्याने हात पुसत, "पुढल्या साली तुझे महाराज बरे झाले तर त्यांना म्हणावं पहिल्या दिवशीचं कीर्तन घ्या. मान त्यांचाच. काला तुझ्याकडं."

"मला महाराजांना विचारावं लागेल."

"विचार की. आन हंडी कवा फोडायची ते तू सांगशील. बाकी कोणी नाय." एवढं म्हणून ते वळले आणि मांडवात मनोजला शोधू लागले. तो तिकडे शिडीवर चढून थर्माकोलची फुलं काढत होता. "ए कार्यक्रमवाल्या," नानांनी खालून हाक मारली, "खाली ये. पंगतीला वाढायला माणूस कमी हाय."